अकरा महिन्यांचा संसार आणि दागिन्यांची यादी



गेल्या चातुर्मासात आमच्या नात्यातल्या एका मुलीचा संसार अकरा महिन्यांत मोडला. सोडचिठ्ठीच्या बैठकीत एक काकू तिला म्हणाल्या, "सोन्याचं काय घेऊन बसलीस? परिग्रहच तो. सोडून दे आणि मोकळी हो." मुलगी गप्प बसली. मीही गप्प बसले, आणि तेच मनाला लागलं. घरी आल्यावर मग या हक्कांचा इतिहास वाचायला घेतला.

स्त्रीधन हा आजच्या वकिलांचा शब्द नाही. सुमारे नऊशे वर्षांपूर्वी कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वरांनी 'मिताक्षरा' लिहिली. आईवडील, भाऊ, नवरा यांनी दिलेलं तर स्त्रीधन आहेच, पण वारशानं आलेलं आणि विकत घेतलेलंही त्यांनी त्यात धरलं.

1955 च्या हिंदू विवाह कायद्यात जैनांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा लग्नाला तीन वर्षं झाल्याशिवाय घटस्फोटाचा अर्ज सहसा करता येत नसे. 1976 मध्ये ही अट एका वर्षावर आली आणि परस्पर संमतीचा मार्गही खुला झाला. त्यासाठी दोघं किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागतात. 2014 मध्ये आपल्याला अल्पसंख्याक दर्जा मिळाला, म्हणून 2025 मध्ये इंदूरच्या कुटुंब न्यायालयानं जैनांचे अर्ज या कायद्याखाली घ्यायला नकार दिला. उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. तेव्हा हा कायदा आजही आपलाच आहे.

आता पैशांचं. पोटगी ठरवताना दोघांचं उत्पन्न, गरजा आणि लग्न किती काळ टिकलं हे पाहिलं जातं. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तसं सांगितलं आहे. त्यामुळे थोड्या दिवसांच्या संसारात कायमची मोठी पोटगी मिळेलच असं नाही. नवऱ्याच्या घरात आपोआप अर्धा वाटाही मिळत नाही. खटला चालू असतानाचा खर्च आणि पोटगी मात्र मागता येते.

स्त्रीधनाला मात्र असा हिशेब नाही. लग्न अकरा महिने टिको की अकरा दिवस, साज, पाटल्या, तोडे तिचेच. 1985 च्या प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की सासरच्या कपाटात ठेवल्यानं स्त्रीधन सासरचं होत नाही. ते त्यांच्याकडे विश्वासानं ठेवलेलं असतं, आणि मागूनही परत न देणं हा गुन्हा ठरू शकतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीकडे गेले. लग्नाचे फोटो आणि सराफाच्या पावत्या काढून आम्ही दोघींनी यादी केली. आहेरातली चांदीची भांडीसुद्धा लिहिली. ती म्हणाली, "मावशी, लोक लोभी म्हणतील गं."

मी तिला एवढंच सांगितलं, की त्याग आपल्या हातातल्या वस्तूचा होतो. दुसऱ्यानं दाबून ठेवलेल्या वस्तूवर पाणी सोडणं म्हणजे अपरिग्रह नव्हे. आणि न दिलेलं ठेवून घेणं याला आपल्याच धर्मात अदत्तादान म्हणतात. ते व्रत सासरच्यांनाही आहेच की.

पुढच्या बैठकीत यादी तिनंच वाचली. या वेळी मी तिच्या शेजारी बसले होते. तुमच्या घरी लग्न ठरलं असेल, तर अशी यादी आधीच करून मुलीच्या हातात द्या.