पॅरामेट्रॉन

फेराइटच्या गाभ्यांवर चालणारा, संगणकातील तर्कमंडलांचा घटक. टोकियो विद्यापीठात हिदेतोशी ताकाहाशी यांच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थी एईची गोतो यांनी १९५४ मध्ये तो शोधला. तेव्हाच्या संगणकांतले व्हॉल्व्ह (निर्वात नळ्या) तापत आणि वरचेवर जळत. ट्रान्झिस्टर महाग आणि बेभरवशाचे होते. अशा काळात स्वस्त, टिकाऊ घटकावर संगणक उभा करणे ही मोठीच कामगिरी होय.

या कामगिरीचे मूळ रेडिओत वापरल्या जाणाऱ्या एका पदार्थात आहे. लोखंडाच्या ऑक्साइडात इतर धातूंची ऑक्साइडे मिसळून भाजलेला फेराइट हा चुंबकीय पदार्थ योगोरो कातो व ताकेशी ताकेई यांनी १९३० मध्ये टोकियोतच तयार केला. त्याच्या उत्पादनासाठी १९३५ मध्ये आजची टीडीके कंपनी निघाली. फेराइटमधून वीज फारशी वाहत नाही, त्यामुळे उच्च कंप्रतेलाही ऊर्जा कमी वाया जाते. ट्रान्झिस्टर रेडिओत तार गुंडाळलेली काळी कांडी दिसते, ती याचीच.

पॅरामेट्रॉनमध्ये दोन इवले फेराइट गाभे, त्यांवरची वेटोळी आणि एक कपॅसिटर असतो. झोपाळ्यावर उभ्याने झोके चढवताना एका पूर्ण झोक्यात दोनदा उठबस करावी लागते. तसेच मंडलाला त्याच्या स्वाभाविक कंप्रतेच्या दुप्पट कंप्रतेचा प्रवाह दिला की त्यात निम्म्या कंप्रतेचे आंदोलन सुरू होते. त्याच्या कला (फेज) दोनच, एकमेकींच्या नेमक्या उलट. एक कला म्हणजे ०, दुसरी म्हणजे १. तीन संकेत एकत्र आले की बहुमताची कला ठरते. त्यांतला एक कायम ० ठेवला तर 'आणि', १ ठेवला तर 'किंवा' ही क्रिया मिळते. नकारासाठी तर वेगळा भागही लागत नाही, तार गाभ्यावर उलटी ओवली की झाले.

टोकियोच्या मुसाशिनो भागातील दूरसंचार प्रयोगशाळेत १९५७ मध्ये 'मुसाशिनो-१' हा पॅरामेट्रॉनचा संगणक चालू झाला. सुमारे ४,२०० पॅरामेट्रॉनचा 'पीसी-१' टोकियो विद्यापीठात २६ मार्च १९५८ रोजी पूर्ण झाला. तिथेच आधीपासून बांधला जात असलेला, सुमारे ७,००० व्हॉल्व्हचा 'टॅक' मात्र १९५९ मध्ये तयार झाला. अमेरिकेत जॉन फॉन नॉयमन यांनाही १९५४ च्या सुमारास स्वतंत्रपणे हीच कल्पना सुचली होती, पण तिच्यावर संगणक उभे राहिले ते जपानात.

पॅरामेट्रॉनमध्ये गणनेच्या दर पायरीला आंदोलन नव्याने वाढावे लागे. त्यामुळे वेग मंद आणि विजेचा खर्च जास्त. ट्रान्झिस्टर सुधारताच १९६० च्या दशकात पॅरामेट्रॉन मागे पडला. कल्पना मात्र टिकली. गोतो यांनी १९८० च्या दशकात तिचे अतिसंवाहक रूप मांडले आणि अत्यल्प ऊर्जेवर चालणाऱ्या संगणकांसाठी योकोहामा राष्ट्रीय विद्यापीठात त्यावर संशोधन झाले आहे.