स्प्लॅटरपंक

स्प्लॅटरपंक हा इंग्रजी भयसाहित्यातील एक प्रवाह आहे. हिंसा, रक्तपात व देहाची विटंबना यांचे सूचक नव्हे, तर थेट आणि तपशीलवार चित्रण हे त्याचे प्रमुख लक्षण होय. असे चित्रण केवळ धक्का देण्यासाठी येते की त्यातून कथेला आशय लाभतो, हा या प्रवाहाविषयीचा मध्यवर्ती वाद आहे.

उगम

अमेरिकन लेखक डेव्हिड जे. शो यांनी १९८६ मध्ये ही संज्ञा रूढ केली. ब्रिटिश लेखक क्लाइव्ह बार्कर यांचे 'बुक्स ऑफ ब्लड' (१९८४-८५) हे सहा खंडांतील कथासंग्रह या प्रवाहाला प्रेरक ठरले. पॉल सॅमन यांनी १९९० मध्ये 'स्प्लॅटरपंक्स' हा कथासंग्रह संपादित केला.

धक्का आणि आशय

हा वाद या संज्ञेहून जुना आहे. ॲन रॅडक्लिफ यांच्या १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दोन प्रकारच्या भयांत भेद केला आहे. अनिश्चिततेतून येणारे भय मनाला जागे करते, तर उघड दिसणारी भीषणता मनाला गोठवते, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्टीफन किंग यांनी 'डान्स मकाब्र' (१९८१) या ग्रंथात भयाच्या तीन पायऱ्या मांडून किळसेला सर्वांत खालचे स्थान दिले. मात्र तिचा वापर त्यांनी त्याज्य मानला नाही. 'सायको' या कादंबरीचे लेखक रॉबर्ट ब्लॉक यांनीही भीती आणि मळमळ यांतील फरकाकडे लक्ष वेधून या प्रवाहावर टीका केली. भरताच्या नाट्यशास्त्रातही भयानक आणि बीभत्स हे वेगळे रस असून त्यांचे स्थायीभाव अनुक्रमे भय व जुगुप्सा हे आहेत.

'द गर्ल नेक्स्ट डोअर'

जॅक केचम यांची ही कादंबरी (१९८९) या वादात महत्त्वाची ठरते. इंडियानापोलिस येथे १९६५ मध्ये सिल्व्हिया लायकेन्स या १६ वर्षांच्या मुलीचा छळ करून खून करण्यात आला. त्या घटनेवर ती आधारित आहे. कथा शेजारच्या डेव्हिड या मुलाच्या तोंडून येते. प्रौढपणी तो त्या घटना आठवून सांगतो. तो छळ पाहत राहतो आणि दीर्घकाळ कोणालाही काही सांगत नाही. त्यामुळे हिंसेच्या वर्णनापेक्षा पाहणाऱ्याचे मौन हाच कथेचा विषय बनतो. एका प्रसंगी तर निवेदक पुढील हकीकत सांगण्यास स्पष्ट नकार देतो. क्रौर्याच्या उघड चित्रणासाठी ओळखल्या जाणाऱ्या या कादंबरीत हा नकार विशेष परिणामकारक ठरतो. कारण बळीचे दुःख हे प्रदर्शनाचे साधन नाही, याची जाणीव त्यातून वाचकाला होते. निवेदकाची ही नैतिक जबाबदारी वगळल्यास त्याच घटना निव्वळ यातनांची यादी ठरल्या असत्या.

पुरस्कार

रॅथ जेम्स व्हाइट आणि ब्रायन कीन या लेखकांनी सुरू केलेले 'स्प्लॅटरपंक पुरस्कार' २०१८ पासून या प्रकारातील साहित्याला दिले जातात.