सॉकेटच्या तिसऱ्या छिद्राचा इतिहास

१/ घरातील सॉकेटला तीन छिद्रे असतात. खालच्या दोहोंतून विजेचे वर्तुळ पूर्ण होते. मग वरचे मोठे छिद्र कशासाठी? सैल सॉकेट धोक्याचे का ठरते, हेही याच प्रश्नाच्या उत्तरातून उलगडते.

२/ वीज घरात प्रथम आली ती दिव्यासाठी. १८८२ मध्ये एडिसनचे पर्ल स्ट्रीट केंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले, तेव्हा ग्राहक प्रकाशच विकत घेत होते. पुढे इस्त्री, पंखे आले; पण भिंतीत सॉकेट नव्हते. ही उपकरणे बहुधा दिव्याच्या होल्डरलाच जोडली जात.

३/ १९०४ मध्ये अमेरिकेच्या हार्वी हबेल यांना सहज काढता-घालता येणाऱ्या प्लगचे पेटंट मिळाले. होल्डरमध्ये एक भाग फिरवून बसवायचा आणि त्यात दोन पिनांचा प्लग खोचायचा. सोय झाली, पण एक धोका उरलाच.

४/ उपकरणातील तारेचे वेष्टन झिजून ती धातूच्या आवरणाला टेकली, तर हात लावणाऱ्याच्या शरीरातून प्रवाह जमिनीकडे जातो. अर्थिंगची तार त्याला सोपी वाट देते. प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो. तिसरी पिन यासाठीच.

५/ ब्रिटनमध्ये १९३४ साली बीएस ५४६ हे गोल पिनांचे मानक प्रसिद्ध झाले. त्यात अर्थिंगची पिन अधिक लांब व जाड असते. प्लग घालताना ती सर्वांत आधी जोडली जाते, काढताना सर्वांत शेवटी सुटते. शिवाय चुकीच्या छिद्रात शिरत नाही.

६/ दुसऱ्या महायुद्धात युद्धोत्तर घरांचा विचार करण्यासाठी तेथे एक समिती बसली. कॅरोलिन हॅस्लेट ही तिच्यातील एकमेव स्त्री सदस्य. १९४७ मध्ये बीएस १३६३ हे चौकोनी पिनांचे मानक आले. प्लगमध्येच फ्यूज, आणि अर्थिंगची पिन आत गेल्यावरच उघडणाऱ्या झडपा, ही त्याची वैशिष्ट्ये.

७/ त्याच वर्षी स्वतंत्र झालेल्या भारताने मात्र जुन्या गोल पिनाच ठेवल्या. त्यांचे भारतीय मानक आयएस १२९३. जुने ५ आणि १५ अँपिअर आज ६ आणि १६ झाले आहेत. आकार ओळखीचाच राहिला.

८/ परंतु ही सारी योजना घट्ट जोडावर उभी आहे. जोड सैल झाला की तेथील रोध वाढतो, जागा तापते, ठिणग्या उडतात आणि प्लास्टिक काळवंडते. अर्थिंगचीच तार सुटली, तर तीन छिद्रे दिसतात, संरक्षण नसते.

९/ म्हणून दुरुस्तीची सुरुवात मेन स्विच बंद करण्यापासून होते. सॉकेटशेजारचे बटण बंद असले तरी त्या बटणापर्यंत येणारी तार जिवंतच असते. टेस्टर आधी चालू पॉइंटवर पेटतो याची खात्री करावी, मेन बंद करावा, मग प्रत्येक तार तपासावी.

१०/ केवळ प्लेट हलत असेल, तर तिचे स्क्रू आवळणे पुरते. आतील तार सुटली असेल, तर तिचे टोक स्वच्छ करून स्क्रूखाली घट्ट बसवावे. प्लग घातल्यावर सैल राहत असेल, तर पकड संपली आहे, सॉकेटच बदलावे. जळल्याचा वास, काळे डाग किंवा अर्थिंगविषयी शंका असल्यास वायरमनला बोलवावे.

११/ तिसरे छिद्र एरवी काहीच करत नाही. बिघाडाच्या एका क्षणासाठी ते वर्षानुवर्षे तयार असते. त्या क्षणी त्यामागची तार जागेवर असणे, एवढेच दुरुस्ती करणाऱ्याने पाहायचे असते.