जुन्या पीसीचा मदरबोर्ड आणि फुगलेल्या कॅपॅसिटरचा इतिहास

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी डेस्कटॉप आतून कधी पाहिलाच नसेल, कारण आपलं सगळं मोबाईलवर चालतं. पण आमच्या श्रीगोंद्यात डीटीपीच्या दुकानात विंडोज एक्सपीचा पीसी अजून सापडतो. माझ्या मामांचंच दुकान घ्या. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेची पत्रं, सगळं पेजमेकर आणि जुन्या मराठी फॉन्टमध्ये. मागे त्यांचा मदरबोर्ड गेला आणि मला फोन आला, "तू इंजिनिअर ना, मग दुसरा बघ."

"नवा लॅपटॉप घ्या" म्हणणं सोपं आहे हो. पण युनिकोड रुळायच्या आधीच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट नसला की पत्रिकेतल्या गणपतीच्या नावाचीही भलतीच अक्षरं होतात. त्यात मामांचं सॉफ्टवेअर प्रिंटरच्या जुन्या, रुंद पोर्टला लावायच्या 'लॉक'वर चालतं. यूएसबीचा कन्व्हर्टर प्रिंटरला चालतो, लॉकला बहुतेक वेळा नाही. म्हणजे वीस वर्षांचं काम एका बोर्डावर लटकलेलं.

बोर्ड उघडला तर प्रोसेसरच्या शेजारच्या चार कॅपॅसिटरची डोकी फुगलेली, एकातून तपकिरी चिकट द्रव आलेला. आता इथून खरी गोष्ट सुरू होते.

साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभरचे मदरबोर्ड असेच मरत होते. या साथीला 'कॅपॅसिटर प्लेग' असं नावच पडलं. कॅपॅसिटर म्हणजे प्रोसेसरला जाणारी वीज सपाट ठेवणारी छोटी टाकी. आत ओला इलेक्ट्रोलाइट असतो. त्याचं रसायन नीट जमलं नाही, तर आत वायू होतो आणि डबी फुगते. डोक्यावर अधिकची किंवा इंग्रजी 'के'सारखी खाच असते ती त्यासाठीच, स्फोट होण्याऐवजी तिथून फाटावं म्हणून. इलेक्ट्रोलाइटचा फॉर्म्युला जपानमधून चोरला गेला आणि तोही अर्धवट, अशी कहाणी तेव्हा छापून आली होती. सिनेमाला शोभेल अशी आहे, पण सिद्ध कधी झाली नाही. नुकसान मात्र खरं होतं. एकट्या डेलने २००५ मध्ये खराब बोर्ड बदलण्यासाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले.

मामांचा बोर्ड त्या साथीनंतरचा, तरीही गेलाच. कारण ओला कॅपॅसिटर चांगल्या प्रतीचा असला तरी म्हातारा होतोच. हिशेब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडचा एप्रिल-मे, पत्र्याचं दुकान आणि वर लोडशेडिंगचा तो काळ. आठवतंय ना, लाईट जायची-यायची, आली की बल्ब आधी भगभगायचा. तो झटका स्वस्त पॉवर सप्लायमधून थेट बोर्डापर्यंत जायचा.

या साथीतून एक चांगली गोष्ट निघाली. २००७-०८ च्या सुमारास कंपन्या खोक्यावर 'सॉलिड कॅपॅसिटर' असं मिरवायला लागल्या. यात द्रवच नसतो, घन पॉलिमर असतो. ओळखायला सोपं. डोकं सपाट, खाच नाही आणि बाहेर प्लास्टिकचं रंगीत वेष्टणही नाही. जुना बोर्ड घेताना मी ब्रँडच्या आधी हेच बघतो. निदान प्रोसेसरभोवती तरी सॉलिडच हवेत.

मग चिपसेट. मामांचा बोर्ड इंटेलच्या जी-३१ चिपसेटचा, ७७५ सॉकेटचा. बाजारात एच-६१ चे बोर्ड आजही 'नवे' म्हणून मिळतात. पण इंटेलने ती चिप बनवणं कधीच थांबवलंय, मग ती येते कुठून, हे दुकानदाराला विचारून बघा. शिवाय एच-६१ ला प्रोसेसरही वेगळा लागतो आणि एक्सपी बहुधा पुन्हा टाकावं लागतं. मामांकडे त्या सॉफ्टवेअरची सीडी कुठाय? घर बांधताना गेली.

जी-३१ आणि जी-४१ या दोघांच्या खाली बहुतेक ठिकाणी एकच साथीदार चिप असते, आयसीएच-७. हार्डडिस्कशी बोलण्याचं काम तिचं. त्यामुळे जी-३१ वरची डिस्क जी-४१ ला जोडली तर एक्सपी निळा पडदा न दाखवता सुरू व्हायची शक्यता बरीच जास्त. वर काही जी-४१ बोर्डांवर डीडीआर-३ रॅम चालते, ती जुन्या बाजारात डीडीआर-२ पेक्षा सहज मिळते. तरी हात लावण्याआधी डिस्कची पूर्ण कॉपी काढलीच.

पुण्यात तपकीर गल्लीत शोधून एक जी-४१ मिळाला. वापरलेला, पण सॉलिड कॅपॅसिटरचा आणि मागे प्रिंटरचा पोर्ट असलेला. दुकानातच चालू करून घेतला, बायोसची नाण्याएवढी बॅटरी बदलली. पॉवर सप्लाय मात्र नवा घेतला; जुन्या बोर्डाला जुना सप्लाय लावणं मला पटत नाही. श्रीगोंद्यात सगळं जोडलं. एक्सपीने दोन-तीनदा 'नवीन हार्डवेअर सापडलं' म्हणून खिडक्या उघडल्या, एकदा रीस्टार्ट मागितलं. मग पेजमेकर उघडलं आणि मामांनी पहिली फाईल काढली ती २००९ ची, माझ्या मावशीच्या लग्नाची. अक्षरं जागच्या जागी होती.