कोळसा रानाचा की परसातला?

1927 च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाचे दोन वर्ग केले आहेत. काही वस्तू रानात सापडल्या किंवा रानातून आणल्या तरच वनोपज ठरतात. काही मात्र कुठेही सापडल्या तरी वनोपजच. इमारती लाकूड, लाख, कात, मोहाची फुले यांच्याबरोबर कोळसा या दुसऱ्या वर्गात बसवला आहे. म्हणजे आपल्या शेतातल्या तुराट्या आपल्याच परसात जाळून केलेला कोळसाही कायद्याच्या लेखी वनोपज. कोळशाचा जुना व्यवहार पाहिला तर ही व्याख्या इतिहासाला धरून नाही. ती वनखात्याच्या सोयीची आहे.

बंदुकीच्या दारूचेच उदाहरण घ्या. तिच्यात ढोबळमानाने 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक. प्रमाण थोडे असले तरी दारू झटकन पेटणार की नुसती फुसफुसणार, हे बरेचसे कोळशावर ठरते. इथे खैर-बाभळीचा जड, टणक कोळसा कुचकामी. हवा तो हलका, सच्छिद्र आणि हाताने चुरडणारा. म्हणून आपल्याकडे तुराट्या, रुई, शेवरी यांचा कोळसा दारूसाठी नावाजलेला होता. यातले एकही झाड घनदाट अरण्यातले नाही. तूर शेतात, रुई पडीक माळावर, शेवरी पानमळ्यात. करण्याची रीतही घरगुती आवाक्यातली. वाळलेल्या काड्या खड्ड्यात पेटवायच्या. आधी त्यांतले वायू ज्वाळेने जळतात. ज्वाळा बसू लागली की माती लोटून हवा तोडायची, नाहीतर हाती राखच उरते. सगळे कसब ती वेळ ओळखण्यात. करवंटीची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिचा कोळसा घट्ट, पण आतून अतिसूक्ष्म छिद्रांचा. पहिल्या महायुद्धात विषारी वायू शोषणाऱ्या मुखवट्यांसाठी अमेरिकेने करवंट्या आणि पीचच्या आठळ्या गोळा केल्या, त्या याच गुणासाठी.

यावर कोणी म्हणेल, हा झाला किलो-दोन किलोंचा कारभार; खरा कोळसा लोखंडाच्या भट्ट्यांनी आणि शहरांनी खाल्ला, आणि तो रानातूनच आला. हे खोटे नाही. महाबळेश्वरच्या परिसरात जांभ्या दगडातून लोखंड गाळणारे धावड रानातलेच लाकूड जाळत. साध्या मातीच्या भट्टीत चार-पाच किलो सुक्या लाकडातून जेमतेम किलोभर कोळसा निघतो, तेव्हा झीज लहान नव्हती. पुढे मुंबईच्या चुली आणि शेगड्यांसाठी ठाणे-कुलाब्याच्या रानांत ठेकेदारांच्या भट्ट्या लागल्या. त्यांवर उचल घेतलेली कातकरी कुटुंबे राबली, आणि 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानंतरही त्या पाशातून सगळी सुटली नाहीत. पण हा दोष ठेक्याचा आणि बाजाराचा आहे. त्याच्या हिशेबात तुराट्यांची खड्डाभर भट्टी ओढण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पोत्यातला कोळसा कुठल्या झाडाचा, हे वनखात्याच्या नाक्यावरच्या माणसाने ओळखायचे कसे? भुकटीपुरता हा प्रश्न खरा, तिथे पडताळणी हवीच. अख्ख्या कोळशाबाबत मात्र तो अवघड नाही: करवंटी जळूनही आपली वक्रता सोडत नाही, तुराटी बारीक काडीच राहते. शिवाय शेतातल्या टाकाऊ मालाचा कोळसा मोठ्या प्रमाणावर होऊ शकतो, हे पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटावर दाखवले आणि त्यासाठी तिला 2002 मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला. संशयाची सोय म्हणून सरसकट व्याख्या करायची, तर तिचा भार प्रामाणिक शेतकऱ्यावरच पडतो. बांबूच्या बाबतीत हे सरकारला उमगले: 2017 च्या दुरुस्तीने ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला. कोळसा मात्र अजून वनोपजाच्या त्याच यादीत आहे.