आखूड नळीचा इतिहास

मराठी बखरी चाळताना 'तुपक' हा शब्द वारंवार भेटतो आणि 'जुन्या काळची बंदूक' एवढा अर्थ मनाशी धरून आपण पुढे जातो. शब्द मूळचा तुर्की. अकराव्या शतकात महमूद काश्गरीने तुर्की भाषांचा जो कोश रचला, त्यात या शब्दाचे पूर्वरूप सापडते. तेथे त्याचा अर्थ दारूची बंदूक असा असणे शक्यच नव्हते. तेथे ती चिमण्या टिपण्यासाठी तोंडाने फुंकायची लाकडी नळी आहे. दारू नंतर आली आणि तिने नळीचे नाव उचलले. 'बंदूक' या अरबी शब्दाचीही गत अशीच. आधी तो एका कठीण कवचाच्या फळाचे नाव होता, मग त्या आकाराच्या गोळीचे, मग गलोलीसारख्या धनुष्यातून फेकल्या जाणाऱ्या गोळीचे, आणि सरतेशेवटी आजच्या हत्याराचे. म्हणजे ज्या वस्तूला आपण किंचित तुच्छतेने 'छऱ्याची बंदूक' म्हणतो, जिच्यात दारू नाही, केवळ हवा, नळी आणि गोळी आहे, तिचाच या दोन्ही शब्दांवर जुना हक्क पोचतो.

पेशवाईच्या काळातला 'कडाबीन' हा शब्दही येथे आठवावा. युरोपीय 'कार्बाइन'चे हे मराठी रूप. घोड्यावर बसून वापरता यावी म्हणून आखूड नळीची केलेली ती बंदूक. नळी लांब की आखूड यावरून हत्याराची जातच बदलते, ही जाण आपल्या भाषेला तेव्हापासून आहे.

आमचा विषय या शब्दांच्या शेजारचा आहे. स्प्रिंगवर चालणाऱ्या जुन्या हवेच्या बंदुकांच्या नळ्या कापून आखूड करणे, दस्ता बदलणे, माशी नव्याने बसवणे, म्हणजे एकंदरीत परक्या देशात घडलेली वस्तू आपल्या हाताजोगती करून घेणे. साहित्याच्या अभ्यासकांनी या लेथमशीनच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवली-अंबरनाथपर्यंतच्या पट्ट्यात लेथवर उभ्या राहिलेल्या माणसांनी फावल्या वेळात जे काम केले, त्याचा कागद कोठेही नाही. कापलेली नळी हाच त्याचा एकमेव पुरावा. आणि पुराव्यावर नंतरच्या हाताने केलेला फेरफार कसा वाचायचा, हे पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना परके नसावे.

प्रथम मूळ संहितेविषयी. स्प्रिंगच्या बंदुकांची जी घराणी आपल्याकडे पोचली त्यांत दोन ठळक. एक इंग्लिश: जॉर्ज लिंकन जेफ्रीज याने १९०४ साली पेटंट घेतलेली आणि १९०५पासून बर्मिंगहॅमच्या बीएसए कारखान्यात तयार होऊ लागलेली रायफल. हिची नळी घट्ट बसवलेली असते आणि स्प्रिंग दाबण्यासाठी नळीखाली वेगळी दांडी असते. दुसरे घराणे जर्मन: रास्टाट गावच्या मायर आणि ग्रामेल्सपाखर यांची 'डायाना'. तिच्या छापाचे चित्र पाहण्याजोगे आहे. शिकारीची रोमन देवता हातातले धनुष्य टाकून देते आहे आणि हवेची बंदूक उंच धरते आहे. 'बंदुक' शब्दाने धनुष्याकडून नळीकडे केलेला सगळा प्रवास त्या एका मुद्रेत मावला आहे. अर्थात जर्मन कारागिरांच्या मनात तसे काही नसणार. या घराण्यात बहुतेक बंदुका 'मोडण्याच्या' असतात. नळी बिजागरीवर खाली वाकवायची, त्याने स्प्रिंग दाबली जाते, छर्रा नळीच्या मागच्या तोंडात बसवायचा आणि नळी पुन्हा सरळ करायची.

अमेरिकेची 'डेझी' मुलांच्या हातात अधिक रमली. सालिम अलींची कथा सर्वज्ञात आहे. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी दिलेल्या डेझीने मुंबईतल्या या मुलाने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि त्या कुतूहलापोटी तो १९०८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. भारतीय पक्षिशास्त्राची एक मोठी शाखा अशी एका स्प्रिंगमधून फुटली आहे. काश्गरीच्या नळीनेही चिमण्याच टिपल्या जात, हा योगायोग आम्ही नोंदवून सोडून देतो.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत परदेशी माल दुर्मीळ झाला तेव्हा देशी बंदुका पुढे आल्या. त्यांतल्या नावाजलेल्या 'आयएचपी'च्या. या आद्याक्षरांचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो: इंडियन ह्यूम पाइप. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९२६ साली काढलेली ही कंपनी. गावोगाव पाण्याचे सिमेंटचे नळ घालणाऱ्यांनी बंदुकीची नळीही करावी, यात मराठी भाषेला तरी काही वावगे वाटू नये.

आता नळी करते काय, हे पाहिले पाहिजे, कारण सगळा गैरसमज तेथे आहे. दारूच्या बंदुकीत स्फोटाचा वायू गोळीला नळीभर ढकलत नेतो, म्हणून लांब नळी म्हणजे अधिक वेग हे समीकरण बऱ्याच अंशी खरे. पिढ्यानपिढ्यांच्या शिकारकथांनी ते आपल्या मनात पक्के केले आहे. स्प्रिंगच्या बंदुकीत मात्र स्फोट नाही. चाप ओढताच स्प्रिंग सुटते, तिच्या रेट्याने चामड्याचा वॉशर लावलेला दट्ट्या पुढे धावतो, समोरची मूठभर हवा क्षणात दाबली जाते आणि बारीक छिद्रातून छऱ्यामागे जाते. ती हवा मोजकीच. आपला बहुतेक जोर ती नळीच्या पहिल्या आठ-दहा इंचांत देऊन टाकते. उरलेल्या नळीत छर्रा जवळपास मिळालेल्या वेगावरच सरकतो. जुन्या डायानांची नळी सोळा ते एकोणीस इंच असते. मग उरलेले इंच कशासाठी? उत्तर फारसे वीरश्रीचे नाही. नळी ही तरफ आहे. हिच्याच टोकाला धरून स्प्रिंग दाबायची असते. बिजागरीपासून अठरा इंचांची नळी कापून बारा इंचांची केली, तर तीच स्प्रिंग दाबायला दीडपट जोर लागतो. शिवाय टोकावरची माशी आणि मागची खूण यांतले अंतर जितके कमी, तितकी नेमातली बारीक चूक लपून राहते आणि लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. म्हणजे नळी कापल्याने मार फारसा घटत नाही, पण हात आणि डोळा या दोघांचे काम वाढते.

बीएसएच्या घाटाच्या, घट्ट नळीच्या बंदुकीत तरफेचा प्रश्नच येत नाही. पुढे जर्मनीतल्या वायह्राउख कंपनीने आपल्या 'एचडब्ल्यू ७७'ची 'के' खुणेची आखूड आवृत्ती कारखान्यातूनच विकायला काढली, ती याच बळावर. जे कारागीर हौसेने करत होते ते कारखान्याने मान्य केले, असेही म्हणता येईल.

आपल्या पट्ट्यात हे काम का रुजले, हे समजायला औद्योगिक भूगोल पुरेसा आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा कारभार १ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटीतूनच सुरू झाला. डोंबिवली आणि अंबरनाथ येथे वसाहती झाल्या. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि तिच्या शेजारी यंत्रांचे नमुने घडवणारा सरकारी कारखाना आधीपासून होता. टर्नर, फिटर, हत्यारे घडवणारे, शतांश मिलिमीटरची भाषा बोलणारे असे हजारो लोक लोकलच्या एकाच मार्गावर राहात होते. त्यांतल्या कोणाकडे कधी ना कधी एखादी जुनी डायाना येणारच.

आम्ही पाहिलेल्या अशा बंदुकांत कापण्याची कारणे तीन प्रकारची दिसतात. पहिले कारण सर्वांत प्रामाणिक. नळीचे तोंड हा बंदुकीचा सर्वांत नाजूक भाग. बंदूक पडली, कोणी तारेने नळी साफ केली, की आतले आटे तोंडाशी झिजतात आणि छर्रा बाहेर पडताना कलतो. मग झिजलेला इंच-दोन इंच भाग कापायचा, लेथवर तोंड काटकोनात घ्यायचे, आतली कड हलक्या हाताने मोडायची, आणि माशी पुन्हा ठोकायची. ही दुरुस्ती आहे, फेरफार नव्हे. संपादक फाटलेल्या कडेचे पान कापून बांधतो तसे. दुसरे कारण मुलांचे: पुढचे वजन कमी व्हावे, लहान हाताला बंदूक पेलावी. यात एक गंमत आहे. बंदूक हलकी झाली, पण ती मोडायला आता वडीलच लागत. तिसरे कारण निव्वळ रूपाचे. सिनेमातल्या आणि पोलिसांच्या हातातल्या कार्बाइनसारखी ती दिसावी. कडाबिनीचा मोह दोनशे वर्षांनीही सुटला नव्हता.

दस्त्यांकडे पाहिले तर सुताराचा हातही ओळखू येतो. युरोपातल्या बीच वा अक्रोड लाकडाच्या जागी आमच्याकडे सागवान आला, आणि त्यावर कधी कधी देव्हाऱ्याला शोभेल अशी नक्षी.

जत्रेतल्या फुग्यांच्या दुकानातली बंदूक हे वेगळे प्रकरण. कल्याणच्या दुर्गाडीला नवरात्रात किंवा अंबरनाथच्या शिवमंदिराशी महाशिवरात्रीला जी दुकाने लागतात, त्यांतल्या बंदुकांनी इतके खांदे पाहिलेले असतात की मूळ घराणे ओळखणे अवघड. तेथे माशी वाकडी असते म्हणून दुकानदाराला नावे ठेवण्याची प्रथा आहे. आमचे मत जरा वेगळे आहे: वारंवार कापलेल्या आणि ठोकलेल्या नळीवर माशी सरळ राहिली असती, तर तेच नवल.

या सगळ्यावर कायद्याची एक रेघ आहे, आणि तिचा उगम नळीत नसून भीतीत आहे. लिटनच्या १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची बंदी केली आणि युरोपियनांना सूट दिली. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासूनच त्याविरुद्ध ठराव केले. स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा १९५९चा. त्याच्या व्याख्येत 'अग्निशस्त्र' म्हणजे स्फोटकाने किंवा अन्य कोणत्याही ऊर्जेने गोळी फेकणारे साधन. अग्नीविना अग्निशस्त्र होऊ शकते, हे भाषेला पटो न पटो, कायद्याला पटले आहे. त्याचे सहावे कलम परवान्याशिवाय अशा शस्त्राची नळी आखूड करण्यास मनाई करते. येथे डोळ्यांपुढे आहे ती कोटाखाली लपवता येणारी, नळी कापलेली काडतुसाची बंदूक. पण शब्दांत दारू आणि स्प्रिंग असा भेद नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या भंगाला किमान सात वर्षांची आणि कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. २०१६च्या शस्त्र नियमांनी हवेच्या बंदुकांसाठी २० ज्यूल ऊर्जा आणि ४.५ मिलिमीटर व्यास ही मर्यादा आखली आणि तिच्यापलीकडे परवाना आवश्यक केला. हे माप लांबीचे नाही, आणि वर सांगितलेल्या यंत्रशास्त्राशी ते अधिक सुसंगत आहे, असे आम्हांस वाटते. मूळ कलम मात्र अजून लांबीच मोजते.

परिणाम असा की ज्यांच्या माळ्यावर आजोबांची कापलेली बंदूक आहे, ते तिच्याविषयी बोलत नाहीत. इंग्लंड-जर्मनीत संग्राहक नळीवरचे क्रमांक, दस्त्यावरच्या खुणा, कारखान्याच्या याद्या जुळवून एकेका बंदुकीची वंशावळ छापतात. त्यांच्या लेखी कापलेली नळी म्हणजे भ्रष्ट प्रत, किंमत पडलेली. आपल्याकडे ती भ्रष्टही ठरत नाही. ती रात्री भंगारवाल्याकडे जाते. पक्ष्यांच्या बाजूने पाहिले तर याचे फार दुःख करू नये, असेही कोणी म्हणेल. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या बंदुकांचे जुने काम बेकायदा झाले, आणि ते योग्यच. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१पासून लोकांनी आपणहून हवेच्या बंदुका सरकारजमा करण्याची मोहीम चालली, तिच्या बातम्या वाचून आम्हांस बरेच वाटले. पण जमा केलेल्या वस्तूची नोंद होते. भंगारात गेलेलीची होत नाही, आणि तिच्याबरोबर एका टर्नरचे हस्ताक्षर जाते.

ते हस्ताक्षर कोठे पाहावे? नळीच्या तोंडाशी, भिंगातून. हाताच्या करवतीने कापून कानशीने घासलेले तोंड एका अंगाला किंचित उतरते; लेथवर घेतलेल्या तोंडावर हत्याराची गोल, समकेंद्री रेघ राहते. माशीची मूळ खाच कापलेल्या तुकड्याबरोबर गेलेली असते. नवी खाच फाइलने केली असेल तर तिच्या भिंती कलत्या, मिलिंगवर केली असेल तर काटकोनी. निळ्या झाकेच्या जागी घरगुती काळा रंग दिसतो. आज अंबरनाथच्याच औद्योगिक वसाहतीत प्रिसिहोल ही खोल व सरळ भोके पाडणारी यंत्रे बनवणाऱ्यांची कंपनी हवेच्या नव्या बंदुका तयार करते. तेथे नळीची लांबी आधी आराखड्यात ठरते, नंतर पोलादात. जुन्या नळ्यांचे कापलेले तुकडे, दोन-दोन, तीन-तीन इंचांचे, कधीच लेथखालच्या किसाबरोबर पोत्यात भरले गेले.