मार्क कोणी कोणाला द्यायचे?



आमच्या संत्रा गटात सध्या एकच विषय घोळतोय. मेंबरांनी एकमेकांच्या बगीच्याला आणि एकमेकांनी दिलेल्या सल्ल्याला मार्क द्यावे का? पोरं म्हणतात, द्यावे, कोणाचं ऐकायचं ते तरी समजेल. म्हातारे म्हणतात, नको बाप्पा, धुऱ्याला धुरा लागून आहे, उगाच भांडणं होतील. दोघांच्याही बोलण्यात दम आहे. पण वऱ्हाडात हा सवाल नवा नाही, म्हणून आज थोडा इतिहास.

पहिली गोष्ट कापसाची. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभारात आलं. त्यांना मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी चांगला कापूस पाहिजे होता. 1886 साली कारंजा इथे नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला. मग 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. बाजाराची जागा ठरली, अडते आणि मापारी यांना परवाना लागू लागला, बाजारावर समिती बसली. हे काम मोठंच होतं.

पण एक गोम राहिली. समितीत वजन होतं व्यापाऱ्यांचं. पिकवणाऱ्याला तिथे ठरलेली जागा नव्हती. म्हणजे काटा सुधारला, पण कापूस ओला का कोरडा, स्वच्छ का कचऱ्याचा, हा वाद निघाला की निकाल घेणाऱ्याच्या बाजूच्या माणसांकडे. बंडी घेऊन आलेला माणूस रात्र काढून परत थोडाच जाणार होता? मिळेल ते घेऊन घरी. पुढे 1927 च्या मुंबई इलाख्याच्या कापूस बाजार कायद्यात उत्पादकांना प्रतिनिधित्व मिळालं आणि 1928 मध्ये शाही कृषी आयोगानेही नियंत्रित बाजारांचा आग्रह धरला. इथून घ्यायचं ते एवढंच: ज्याचा फायदा मार्क कमी देण्यात आहे, त्याच्या हाती मार्क देऊ नये.

दुसरी गोष्ट आपल्याच तालुक्यातली. 2016 मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा राज्यातून तीनच तालुके होते: कोरेगाव, अंबाजोगाई आणि आपलं वरूड. पहिला नंबर कोरेगावच्या वेळू गावाचा आला. आपण काय शिकलो? एका गावाने दुसऱ्या गावाला मार्क द्यायचे नव्हते. मार्क होते कामाला, आणि काम मोजता येत होतं. चर किती खोदला, बांध कसा घातला, हे टेप लावून पाहता येतं. म्हणून हरलेल्या गावाला रुखरुख लागली तरी आपलं काम कुठे कमी पडलं ते कळण्याची सोय होती.

तिसरी गोष्ट आमच्या विषयाच्या एकदम जवळची. सेंद्रिय मालाचं पीजीएस प्रमाणपत्र. केंद्र सरकारने ते 2011 मध्ये सुरू केलं आणि 2015 पासून परंपरागत कृषी विकास योजनेतून ते गावोगावी पोहोचलं. यात बाहेरचा इन्स्पेक्टर नसतो. कमीत कमी पाच कास्तकारांचा गट, आणि गटातलेच एकमेकांच्या वावरात जाऊन तपासणी करतात. कोणतं खत टाकलं, शेजारच्या फवारणीपासून अंतर किती, नोंदवही भरली का, हे तपासून कागदावर सही करायची. बदलाच्या काळात हिरवं प्रमाणपत्र, पूर्ण झालं की सेंद्रिय.

याची जमेची बाजू मोठी आहे. शेजाऱ्याला जे दिसतं ते वर्षातून एकदा येणाऱ्या साहेबाला दिसत नाही. रात्री कोणाच्या वावरात पंप चालला हे धुऱ्यावरच्याला बरोबर माहीत असतं. पण इथेच खोटही आहे. भावकीत, सोयऱ्याधायऱ्यात कमी मार्क द्यायला हात उचलत नाही. सगळ्यांनी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले की त्या सहीला किंमत उरत नाही, आणि एकाच्या लबाडीचा डाग सगळ्या गटावर पडतो.

आता संत्र्यावर येतो. शेंदुरजना घाटच्या कलमा लांब लांब जातात. कलम घेताना आपण काय पाहतो? उंची, पानाचा रंग. पण फळ धरायला चार-पाच वर्षं लागतात. खुंट जंबेरीचाच आहे का, डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर भरला का, मातीसोबत डिंक्या आला का, याचा खरा निकाल तेव्हा लागतो. लावल्याच्या महिन्यात 'एक नंबर कलम' म्हणणाऱ्या दहा जणांपेक्षा पाच वर्षांनी बगीचा दाखवणारा एक जण भारी. सल्ल्याचंही तसंच. आंबियाची गळ थांबवायला छातीठोकपणे चार औषधं सांगणाऱ्याला लगेच वाहवा मिळते. 'आधी मुळं उकरून पाहा, पाणी साचतं का बघा' म्हणणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. झाडं मात्र दुसऱ्याचं ऐकल्याने वाचतात.

म्हणून माझं मत असं: मार्क द्यावे, पण या चार अटींवर.

1. वावर पाहिल्याशिवाय मार्क नाही. ऐकीव गोष्टीवर तर नाहीच.
2. मार्क माणसाला नाही, कामाला. जिवंत झाडं किती, माल किती निघाला, खर्च किती लागला, ते लिहायचं.
3. देणाऱ्याने नाव लिहून सही करायची आणि ज्याला मार्क दिले त्याचं म्हणणं शेजारीच लिहायचं.
4. सल्ल्याचे मार्क बहार निघाल्यावर. कलमेचे पहिलं फळ आल्यावर.

आणि औषध-खत विकणारा मेंबर असेल तर त्याने स्वतः विकलेल्या मालाला मार्क देऊ नये. कारंजाच्या बाजारापासून एवढं तरी शिकलो पाहिजे.

येत्या बैठकीत हे मांडणार आहे. चौथ्या अटीवर पोरं कुरकुर करतील, त्यांना निकाल लवकर पाहिजे. कृषी सहायक आणि विद्यापीठाचे जाणकार वाचत असतील तर त्यांनी सांगावं: सल्ल्याचा निकाल एका बहारात लावावा का दोन? कोणत्या गटात असं चालू असेल तर तुमचा तक्ता कसा आहे तेही लिहा.